खुर्च्यांचा हिशेब

रे रोडला, लाकडाच्या वखारीमागे,
पत्र्याच्या शेडमध्ये अप्पांच्या खुर्च्या असत.
भाड्याच्या. पाठीवर पांढऱ्या रंगात ‘मो. डे.’
म्हणजे मोरजकर डेकोरेटर्स. पोरं वाचायची ‘मोडे’,
आणि एखादी मोडायचीच.

अप्पा चौथी नापास.
पण गिऱ्हाइकानं आकडा सांगितला
की डोळे मिटून ओळी लावायचे.
“छत्तीस? गुणी पोर आहे.
सहा सहा घे, चार ओळी नऊच्या घे,
कुठल्याही हॉलात नांदतं.”
“सदतीस?”
कानामागची पेन्सिल काढायचे, परत कानामागं.
“सदतीस नको. अडतीस ने, एकीचं भाडं देऊ नको.”

शाळेत इनामदार बाईंनी फळ्यावर शंभर घरं आखली.
दोनाचा पाढा खोडला, तिनाचा, पाचाचा, साताचा
(ज्याचा पाढा तो स्वतः तेवढा ठेवला),
एकाला आधीच बाहेर काढलेलं.
उरले त्यांना म्हणाल्या, मूळ संख्या.
मी हात वर केला:
बाई, या रांगेत न बसणाऱ्या खुर्च्या.
वर्ग हसला. बाई नाही हसल्या.

त्या संध्याकाळी अप्पांना अडकवायला
मी एक्याण्णव टाकला.
तोंडावरून वाटतोच तो एकलकोंडा.
अप्पा तंबाखू मळत होते.
“सात ओळी, तेरा तेरा.
भायखळ्याला साखरपुड्यात लावल्यात.”
“दोन?”
“त्या लाल मखमलीच्या, नवरानवरीच्या.
जोडी असून हट्टी, ती एकच.”
“आणि एक?”
“एक खुर्ची म्हणजे रांग नव्हे.”
चिमूट ओठात गेली, विषय संपला.
बाईंचंही तेच: एक ना मूळ, ना संयुक्त.
मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

अप्पांच्या शोकसभेला
बाबल्यानं टेम्पोतून अठ्ठेचाळीस उतरवल्या.
आकडा मीच सांगितला होता,
सहा ओळी, आठ आठ, अप्पांच्या पसंतीचा.
मग फोटो आला.
भिंतीत खिळा मारायला वखारवाला नको म्हणाला,
म्हणून एक खुर्ची फोटोला दिली.

उरल्या सत्तेचाळीस.
सहा ओळी लावल्या, शेवटी एक खिंडार.
चार लावल्या, तेच खिंडार, फक्त जागा बदलून.
पाच लावल्या तर दोन खुर्च्या पाहुण्यांसारख्या उभ्या.
“शेडमधून एक आणू?” बाबल्या म्हणाला.

नको म्हटलं.
वखारीच्या लांब भिंतीला लागून
एकच रांग लावली,
गेटापासून पाण्याच्या टाकीपर्यंत.
माणसं आली, बसली, सगळीच पहिल्या रांगेत.
टाकीकडच्यांना भाषण ऐकू गेलं नाही म्हणे.
तसं त्यात काही नव्हतंही.

रात्री खुर्च्या एकात एक घालून झाल्यावर
बाबल्यानं टेम्पोतून विचारलं,
“अठ्ठेचाळीस भरल्या ना?”
मी त्या एकीपाशीच उभा होतो.
फोटो कुठं ठेवायचा, ते ठरत नव्हतं.