बेड नंबर सतरा

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये, आप्पांच्या कागदावर
शिकाऊ डॉक्टरनं लिहिलंय : इन अ‍ॅगनी.
अक्षर वाईट. पण बावीस वर्षं अमळनेरला इंग्रजी शिकवतेय,
वाईट अक्षरांची सवय आहे मला.
नववीला अर्थ सांगते एका दमात :
अ‍ॅगनी, नाम, तीव्र वेदना, पुढचा शब्द घ्या.

आज पुढचा शब्द नाही.

पाणी संपलेला कूलर करतो
तसा आवाज आप्पांच्या घशातून.
मी मोबाईलवर शब्दाचं मूळ शोधत बसलेय,
दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून.

तर हे ग्रीक. आगॉन.
आधी नुसतं जमणं.
माणसं गोळा होणं, जशी बोरीच्या वाळूत व्हायची
यात्रेच्या तिसऱ्या दिवशी, डफ कडाडला की.
मग ज्यासाठी जमायची ती झुंज :
धावणं, रथ, आणि हो, कुस्ती.
त्या झुंजीतला पीळ म्हणजे आगोनिया.
दुखणं फार उशिरा आलं या शब्दात राहायला,
भाडेकरू यावा
आणि पाटीवरून मालकाचंच नाव पुसलं जावं, तसं.

मी खुर्ची पुढे ओढली.

हिलाल पहिलवान.
पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत
ज्यांचा धोबीपछाड लोक चहाच्या टपरीवर हातांनी करून दाखवत.
पोरीच्या जातीला आखाड्यात मज्जाव,
म्हणून कडेच्या बाभळीवरून पाहिलंय मी सगळं :
थरथरणाऱ्या मांड्या, कानातून आलेलं रक्त,
आणि चितपट झालेल्याला हात देऊन उठवणं.
तेव्हा कुणी म्हटलं नाही, याला दुखतंय.

रात्री अडीचला ते उठू बघतात.
सलाईनचा हात पुढे, तळवा उघडा, सलामीला असतो तसा.
‘कुमू, समोर कोन शे?’
कोनी नही आप्पा. मी शे.
‘तू नही. तो, अंधारमा उभा शे तो. कोन गावना?’

शब्दकोशात हे नाही.
झुंजीला दोघं लागतात,
नावं पुकारावी लागतात आधी, गावासकट.
इथं पुकारलंय एकच,
तेही कागदावर चुकवलंय : हीलाल.
काय सांगू? हाडातल्या गाठीचं गाव कोणतं?

‘चोपडाना शे,’ मी म्हणाले. ‘नवा पोऱ्या शे.’

ते बराच वेळ अंधाराकडे बघत राहिले.
वजन जोखत असावेत.
‘मंग व्हऊ दे,’ म्हणाले. ‘माटी कोठे शे?’

पाठीच्या जखमांसाठी आणलेल्या पावडरचा डबा होता उशाशी.
चिमूटभर ओतली तळव्यावर.
त्यांनी दोन्ही हात चोळले,
सुईपाशी जपून,
थोडी माझ्या मनगटालाही लावली.

नववीला काय सांगायचं ते सोमवारी बघू.
मी कूलरमध्ये पाणी भरायला उठले.