शब्दमर्यादा सहाशे

पोतनीस पुस्तक देऊन गेले, स्कूटर बंद न करताच.
"पाचवी आवृत्ती, ताई. पुण्यात सगळे रडताहेत.
सहाशे शब्द. सोमवारपर्यंत."

तीस वर्षं मी मंडळाच्या त्रैमासिकात परीक्षणं लिहिते,
चिटणिसांच्या गोठीत, गच्चीवर, उन्हाकडे पाठ करून,
पेन्सिल कानावर, गजकाचा चुरा पानांत.
गाजलेल्या कादंबऱ्यांचं मला आधीच कळतं:
पहिल्या भेटीत भांडलेले शेवटी लग्न करणार,
खाष्ट सासू दागिन्यांचा डबा उघडणार,
आणि लेखकाला पुढचं सुचेनासं झालं
की कुणीतरी आजारी पडणार.
त्याला मी एकदा नाव दिलं, 'सोयीचा मृत्यू'.
फार गाजलं ते. म्हणजे फालका बाजारापासून कंपूपर्यंत.

आत्मचरित्रांना मात्र सांभाळून घेते.
माणूस म्हातारा असतो,
प्रुफं बिचारी सून वाचते.

तर हे.
मुखपृष्ठावर आपला किल्ला,
डावी बाजू उजवीकडे गेलेली.
लेखक दौलतगंजातला. वडील छोट्या लाइनवर गार्ड.
बदली झाली तेव्हा अकरावीत होता.
मागच्या फोटोत केस उरले नाहीत,
पण बाहेर आलेले कान तेच.

पान एकशे त्रेचाळीस.
'आमच्या गल्लीत एक मुलगी होती.
आपल्या कार्डावर मला वाचनालयातून पुस्तकं आणून द्यायची.
दोन वेण्या, शाईनं माखलेलं बोट.
त्या वैशाखात विषमज्वरानं गेली.
तिनं दिलेलं शेवटचं पुस्तक
मी तिच्या उंबऱ्यावर ठेवून आलो.
नाव आता आठवत नाही.'

खाली कुकरची तिसरी शिट्टी झाली.
जिना उतरून गॅस बंद केला,
मेलेल्या मुलीनं.

नाव हेमलता.
विषमज्वर खरा. एकवीस दिवस लाह्यांचं पाणी.
वेण्या गेल्या, दोन्ही,
उन्हाळाभर डोक्याला आईच्या पातळाचा तुकडा.
पण उठले की मी!
उठून बी.ए. केलं, टेलिफोन एक्स्चेंजात
चौतीस वर्षं ट्रंक कॉल लावले.
पुण्याचेही लावले. कितीतरी.

आणि उंबऱ्यावर पुस्तकबिस्तक काही नव्हतं.
बाबांनी दंड भरला,
एक रुपया चाळीस पैसे, किंमत वेगळी.

गुरुवारी मंडळात मोघेबाईंनी ते पान मोठ्यानं वाचलं.
मध्येच थांबल्या, पाणी प्यायल्या.
सिंधू रडली. बरेलीहून आलेली तिची सूनही रडली,
जिला मराठी निम्मंच कळतं.
मला म्हणाल्या, "हेमलताताई, तुम्ही म्हणजे अगदी दगड!"

खरं सांगू? पान छान उतरलंय.
तेवढं काढलं तर पुस्तकात
नुसत्या बदल्या आणि बढत्या.
संपादक असते तर मीही मला
मेलेलीच ठेवली असती.

कुणी सांगितलं असेल त्याला गाडीत.
किंवा खिडकीतून डोकं दिसलं असेल, केसांवाचून,
आणि पोरगं घाबरलं असेल.
किंवा
पुढचं सुचेनासं झालं असेल.

रविवारी रात्री लाइट गेली तेव्हा लिहीत होते.
भाषा ओघवती. ग्वाल्हेरची प्रकरणं तोकडी.
मुखपृष्ठावरचा किल्ला आरशातला आहे,
पुढच्या आवृत्तीत सरळ करावा.
छपाईचे दोष:
पान सत्तावीस, 'टेमपो' नव्हे, 'टेम्पो'.
पान एकशे त्रेचाळीस, खालून चौथी ओळ,
'गेली'च्या जागी 'बरी झाली' वाचावे.

मोजले. पाचशे अठ्ठ्याण्णव.

दोन उरले म्हणून लिहिलं, 'पुस्तक पाठव'.
मग खोडलं.
असू दे त्याच्याकडे,
माझ्या कार्डावर.

खाली पोतनीस हॉर्न वाजवत होते.