खोकं क्रमांक एक्केचाळीस

वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही.
पेन्सिल घ्या, ओली छत्री बाहेर ठेवा,
पानं एकेकच उलटा.
एकोणीस वर्षं हेच सांगतेय मी,
आणि मग ढकलगाडीवरून आणून देते
खोकं क्रमांक एक्केचाळीस.

केंटकीतल्या या गावाकडे त्याच्याशिवाय दाखवण्यासारखं काही नाही.
शाळेला त्याचं नाव, पेट्रोल पंपाला त्याचं,
तळलेले मासे विकणाऱ्या टपरीलासुद्धा.
नदीला मात्र नाही.
तिचं नाव ज्यांनी ठेवलं, त्यांना त्याच्या एका सहीने
ऐन नोव्हेंबरात मिसिसिपीपलीकडे चालायला लावलं.
नाव तेवढं मागे राहिलं.
पाहुण्यांनी अर्थ विचारला
की आम्ही पुलाच्या बांधकामाचं साल सांगतो.

मी नवी होते तेव्हा प्राध्यापक थॉर्नक्विस्ट आले.
तीन दिवस खोक्यात डोकं घालून बसले.
त्यांना त्यात भेटला एक संयमी माणूस,
मध्यरात्री दिव्यापाशी बसून
देश फुटू नये म्हणून शब्द खोडणारा.
सातशे पानं भरली.

मग रोवेना कास्टर आली. तेच खोकं, तीच पत्रं,
दिवासुद्धा तोच.
तिला भेटला भित्रा माणूस,
शब्द खोडणारा.

सगळं भांडण त्या एका डागावरून.
‘ही माणसं’ इथवर अक्षर स्वच्छ,
‘मुक्त व्हावीत’ हेही स्वच्छ,
मधला शब्द गिरवून गिरवून काळा केलेला.
‘लवकरच’, थॉर्नक्विस्ट म्हणाले.
‘कधीतरी’, ती म्हणाली.
कागद उजेडावर धरून झाला, निळ्या दिव्याखाली धरून झाला,
भर परिसंवादात दोघं
बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर इथपर्यंत आली.
कागदाला काय,
तो दोघांनाही हो म्हणतो.

दर चार-पाच वर्षांनी इतिहासकारांची यादी निघते,
कोणता राष्ट्राध्यक्ष कितवा.
आमचा आधी नववा होता. मग चौदावा. मग सत्ताविसावा.
परवा पुन्हा बावीसवर चढला.
टेकडीवरच्या थडग्यातून तो इंचभर हललेला नाही,
एवढं मी खात्रीने सांगते. रोज तिथूनच येते.

मार्चमध्ये एक बाई आली.
ओडेसा प्युरिफॉय, लुईव्हिलच्या इस्पितळात रात्रपाळी,
शिफारसपत्र नाही, पायात अजून कामावरचेच बूट.
पत्रं नकोत म्हणाली.
तळाशी एक वही असेल बघा, घरखर्चाची.

होती. कुणी मागितलीच नव्हती कधी.

मेणबत्त्या, दोन डझन.
ज्यूनो, आणि तिचं मूल. चारशे दहा.
घोड्याचे नाल.

सुंदर अक्षर. वेलांट्या कशा वळलेल्या.
ती बराच वेळ बघत राहिली,
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
‘इथे काही खोडलेलं नाही.’

डिह्युमिडिफायर घरघरत होता.
मला वाटलं, काहीतरी बोलावं. नियम आठवेनात.
‘हल्ली कितवा आहे हो तो?’ तिने विचारलं.
बावीस, म्हटलं.
‘बावीस,’ ती म्हणाली, आणि ते
कागदावर चारशे दहाच्या खाली लिहून घेतलं,
बेरीज करायची असल्यासारखं.
केली नाही.

जाताना चिठ्ठी भरावी लागते.
‘काय सापडलं’ या रकान्यात प्राध्यापक लोक ओळी अपुऱ्या पडतात म्हणतात.
तिने लिहिलं: पणजीची आजी.

मूळ क्रम बदलायचा नाही, हा आमच्यातला पहिला धडा.
वही मी परत तळाशीच ठेवली.
पण खोक्यावरच्या यादीत माझ्याच हस्ताक्षरात होतं:
‘घरखर्चाची वही, किरकोळ.’
त्यातल्या शेवटच्या शब्दावर
एक रेघ ओढली. एकच,
खालचं वाचता येईल अशी.