साडेपाच फूट

दुकानात जायच्या आठवडाभर आधीच
बाबांनी टीव्ही भिंतीवर आखून ठेवला होता.
सुताला निळा खडू चोळून, एक टोक माझ्या हातात देऊन
टण्णकन सोडलेली रेघ,
एकोणचाळीस इंच आडवी, बावीस उभी,
कपाट आणि कूलरच्या मधे, कशीबशी.
आठवडाभर जेवताना आम्ही तो रिकामा चौकोन पाहत होतो.
एकदा तर म्हणाले,
"आवाज कमी कर वं जरा."

बर्डीवर, मे महिन्याच्या दुपारी,
निम्मे लोक नुसत्या एसीसाठी आत शिरलेले,
आणि चाळीस टीव्हींवर चाळीस वेळा
एकच पोपट उडत होता.
पिसातलं पीस दिसत होतं.
बिल्लेवाला पोरगा म्हणाला, "काका, यात ऐंशी लाखांच्या वर ठिपके आहेत."
"मोजले काय तुनं?"

शालिक पेंटर.
कामठी रोडच्या किती शटरांवर
उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात हे नाव होतं.
मग फ्लेक्स आला. डबे वाळले.
त्यांचं गणित एकच होतं, दहा फुटांना एक इंच अक्षर.
लांबच्या माणसासाठी लिहायचं,
जवळ येणाऱ्याला ब्रशचे केस दिसले
तर दिसू दे.

म्हणून त्यांनी किंमत आधी विचारली नाही.
विचारलं, "हे ठिपके किती फुटांवरून दिसतात?"
पोरगा इकडेतिकडे पाहू लागला.
मग आवाज उतरवून,
"खरं सांगू? मोठ्या हॉलमधे, बारा-पंधरा फुटांवरून
साधा काय नि हा काय, सारखाच.
जवळ बसलं तरच कळतं.
तुमची खोली केवढी आहे?"

हा प्रश्न आम्हाला पुष्कळांनी विचारला आहे.
मला पाहायला आलेल्यांनी तर दोनदा.
बाबांनी पहिल्यांदाच मान वर करून उत्तर दिलं,
"पलंगापासून भिंत साडेपाच फूट.
मंग त आमालेच दिसन."

बावीस हजार नऊशे. नऊ हप्ते.
लॅबमधे दिवसभर मी काचपट्टीवर
दुसऱ्यांचं रक्त मोजते, हात हलत नाही.
फॉर्मवर सही करताना हलला.
ई-रिक्षात खोकं उभंच धरायचं होतं,
बाबांनी ते बिनाकीपर्यंत असं धरलं
जसं ओल्या रंगाची पाटी नेतात,
कडांवर फक्त बोटं.

केबल जोडली तर बातम्या देणारी बाई
पाण्यात भिजल्यासारखी फुगलेली.
"यासाठी?" मी म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत.
मग शेजारच्या हर्षलनं मोबाइलचं नेट दिलं,
आणि कुठल्यातरी गावातली संध्याकाळ लागली.
कोणीतरी कॅमेरा घेऊन नुसतं चाललं होतं,
न बोलता. सायकली, एक शेळी,
अर्धं ओढलेलं शटर.

"थांबव."
पलंगावरून उठून ते भिंतीपाशी गेले,
मला वाटलं होतं, इतक्या जवळून आता चित्र विस्कटेल.
विस्कटलं नाही.
शटरवर 'किराणा'.
'कि'च्या वेलांटीवर त्यांनी बोट टेकवलं.
"हातचं आहे हे. इथं रंग सरला त्याचा.
इथं उचलला ब्रश, बुडवला, पुन्हा टेकवला.
घाईत होता. ऊन असन."
आणि कोपऱ्यात, खाली, नाव शोधू लागले
कोण्या अनोळखी माणसाचं.

तेवढ्यात हर्षलचा डेटा संपला.
पडद्यावर गोल फिरत राहिला,
कूलरचा पंप घरघरत राहिला,
आणि काचेवर बाबांच्या बोटाचा ठसा,
रेघ न् रेघ स्पष्ट.

टीव्ही भिंतीवर बसला तेव्हा
डावीकडे निळी रेघ अर्धा इंच उघडी राहिली.
मी ओलं फडकं घेऊन गेले की म्हणतात,
"राहू दे वं. बॉर्डर आहे."