चार बोल्ट

मशीन इटलीतून आलं, बारी शहरातून,
सहा दिवस व्हॅनमध्ये, ऑलिव्ह तेलाचे डबे
आणि कुणाकुणाच्या वापरलेल्या बुटांसोबत.
खातुना जिला अंघोळ घालायची ती म्हातारी गेली,
तिच्या मुलांनी फर्निचर वाटून घेतलं,
मशीन खातुनाला दिलं, तिनं ते आईला पाठवलं.

कुताइसीत आम्ही चौघांनी ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं.
चौघांत सर्वांत म्हातारा मी,
आणि नळकाम येणारा एकटाच.

त्सिउरीबाईंनी न्हाणीतला कोपरा आधीच पुसून ठेवलेला.
मी नळी हातात धरून नळाकडे पाहिलं.
नळीचे आटे पाऊण इंची, नळाचे अर्धा इंची,
तेही इंच मॉस्कोत मोजत होते त्या काळातले.
मधे पितळी जोड लागणार.
जोड पिशवीत होता. माझ्या पिशवीत काय नसतं.

पण आधी पाणी बंद करायचं,
आणि मुख्य व्हॉल्व्ह तळघरात,
तो शेवटचा कधी फिरवला हे सांगू शकणारा माणूस
मागच्या हिवाळ्यात वारला.
व्हॉल्व्हला घासलेट पाजलं,
पान्याच्या दांड्याला हातभर पाइप लावला,
ओठांतल्या ओठांत त्याच्या आईचा उद्धार केला,
तेव्हा कुठं तो पाव फेरा हलला.

लगेच वेनेरा जिन्यात, केसांना अर्धा रंग,
तिच्यामागे वख्तांग, अर्ध्या गालाला फेस.
गुरामी, किती वेळ?
लागेल तितका, म्हटलं.
चाळीस वर्षं माझं हेच उत्तर आहे.

टेफलॉनच्या पट्टीवर माझा विश्वास नाही.
जवसाचे तंतू घ्यायचे, आट्यांच्या दिशेनं पिळत न्यायचे,
वर बोटानं थोडा रंग.
हाताला जड लागेपर्यंत आवळायचं, मग अजून जरासं,
आणि त्या जराशापुढं थांबता आलं पाहिजे.

सांडपाण्याची नळी आधी वर चढवावी लागते,
मग उतरू द्यायची.
सरळ खाली सोडली तर मशीन भरतं आणि रिकामं होतं,
भरतं आणि रिकामं होतं,
बाहेरगावाहून येणाऱ्या पैशासारखं.

दाराच्या रबरात, घडीत, बोटाला काही टोचलं.
बटण. शिंपल्याचं, उंची ब्लाउजचं.
त्सिउरीबाईंनी ते उजेडात धरलं.
रोज सकाळी ते कोण लावून देत असेल,
ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

पाणी सोडलं. चादरी टाकल्या.
पहिली वीस मिनिटं मशीन गुणी मुलासारखं वागलं.
मग पिळायला लागलं आणि चालायला लागलं,
एक पाय, दुसरा पाय, सिंकवर डोकं आपटत,
शेवटी दाराला टेकून उभं.
त्सिउरीबाई आत, मी बाहेर.
फटीतून हात घालून प्लग उपटला.

खातुना फोनच्या पडद्यावर आली, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून,
हळू आवाजात, पलीकडे नवी म्हातारी झोपलेली.
मागचे बोल्ट काढले का?
कुठले बोल्ट?
चार. मीच आवळले होते, निघायच्या आदल्या रात्री.
वाटेत आतलं काही हलू नये म्हणून.

मशीन वळवलं. चार होते.
इतके घट्ट, की तळघरातला तो पाइप
पुन्हा पान्याला लावावा लागला.
मला वाटलं होतं, एवढं फक्त गंजच आवळतो.

चौथा सुटला आणि आतला ड्रम
स्प्रिंगांवर एकदा झुलला.
खातुनानं तो आवाज ऐकला. हां, म्हणाली,
आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

बोल्ट फेकू नका, मी सांगितलं,
पुन्हा हलवायचं झालं तर लागतात.
त्सिउरीबाईंनी ते काचेच्या बरणीत टाकले, वर ते बटण.
पैसे घेतले नाहीत. मक्याची भाकरी खाल्ली, चीज खाल्लं,
दोन पेले तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावानं.

निघताना जोडाखाली वर्तमानपत्र पसरायला सांगितलं.
रात्रभरात ओलं झालं तर मला बोलवा.

सकाळी सातला तिचा फोन.
कागद कोरडा आहे, म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
मीही ठेवला नाही.