छत्रीखालचा माणूस

ताकोराडीच्या बाजारात, धुरावलेल्या माशांच्या गल्लीच्या तोंडाशी
माझी छत्री.
तिच्यावर कंपनीचं नाव, उन्हानं अर्धं विटलेलं.
खाली स्टूल, लाकडी पेटी, दोन फोन
आणि मी, एबो क्वेसन,
नऊ वर्षं लोकांच्या नोटांचे आकडे करून देणारा.

एकुआ एसिल्फीला मीच शिकवलं.
तिला अक्षर येत नाही, पण हिशेब जिभेवर:
कुठल्या टोपलीत किती मासे, कुणाची किती बाकी,
तीन वर्षांमागे कुणी तिला खोटी नोट खपवली.
कमरेच्या कापडाला गाठ मारून त्यात पैसे ठेवायची.
म्हटलं, मावशी, गाठ सुटते, कापडाला कात्री लागते,
यात टाक, याला हात लागत नाही कुणाचा.
तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं,
छत्रीवरच्या नावाकडे नाही.
हे मला आत्ता आत्ता आठवायला लागलंय.

बुधवारी तिला फोन आला.
गोड फान्टे बोली, आमच्याच किनाऱ्याची.
आई, चुकून तुझ्या खात्यात गेले माझे पैसे,
बहीण दवाखान्यात आहे, परत कर गं.
मेसेजही आला होता, हुबेहूब कंपनीचा वाटावा असा,
शेजारच्या पोरीकडून तिनं तो दोनदा वाचून घेतला.
लोभानं नाही बुडाली ती.
दुसऱ्याचं आपल्याकडे रात्रभर राहू नये
म्हणून घाईघाईनं परत केले तिनं
स्वतःचेच अठराशे चाळीस सेडी.

मी कंपनीला फोन लावला.
आधी संगीत. मग एक बाई. मग दुसरं संगीत.
आठव्या दिवशी उत्तर:
व्यवहार ग्राहकाच्या पिननं झाला, सबब जबाबदारी ग्राहकाची.
सोळाव्या दिवशी दुसरं:
संशयास्पद हालचालीमुळे, आपल्याच सुरक्षिततेसाठी,
खातं गोठवण्यात येत आहे.
आत उरलेले दोनशे बारा तेवढे त्यांना सापडले.

गोठवलं म्हणजे?
तिनं विचारलं, हातातला मासा उलटा करत.
कोल्ड स्टोअरमध्येही मासा गोठतो, एबो,
पण दार उघडलं की तो माझाच असतो.

दार उघडायला ओळखपत्र लागतं.
ओळखपत्रावर ती एकुआ, खात्यात एक्वा.
ते ‘क्वा’ माझ्या अंगठ्याचं,
नऊ वर्षांपूर्वीच्या एका घाईच्या दुपारचं,
मागे रांग होती, आणि प्रत्येक नव्या खात्यामागे
मला काही पैसे मिळायचे.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

परवा मलाही मेसेज आला.
अटी बदलल्या आहेत, मान्य असल्यास एक दाबा.
अमान्य असल्यास काय दाबायचं
ते शोधत मी खालपर्यंत गेलो.
खाली काही नव्हतं.
दाबला एक. पोरांच्या शाळेची फी होती.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.
गल्लीत तिचं बघून इतर बायकाही
एकेक करून येतात, पैसे काढतात,
आणि माझ्यासमोरच कापडाला गाठ मारतात, दुहेरी.
मी आकड्यांच्या पुन्हा नोटा करून देतो.
त्याचेही मला काही पैसे मिळतात.

काल संध्याकाळी तिच्याकडे दोन मासे घेतले.
सवयीनं फोन काढला, तिनं नुसता तळवा पुढे केला.
मग खिसे चाचपून पन्नासाची एक नोट दिली.
नऊ वर्षांत पहिल्यांदा
एकुआनं माझी नोट उन्हाला धरून पाहिली.
एका बाजूनं. मग दुसऱ्या.
खरी निघाली. गाठीत गेली.
सुटे परत देताना मला ती म्हणाली,
मोठ्यानं मोज.