कुंद्याच्या काट्यावर

मल्लेशीनं काचेवर फडकं अंथरलं
आणि दोन कॅमेरे ठेवले शेजारी शेजारी,
पंगतीत पहिल्यांदाच बसवलेल्या जावांसारखे.
"नोड्रि अक्का," म्हणाला,
"दोन्ही नवे. दोन्ही जुने दिसणारे."

मी अनगोळची. पासपोर्ट, आधार, बारसं, लग्न,
आणि हल्ली मेलेल्यांचे चेहरे मोठे करून देणं.
बावीस वर्षं गळ्यात काळं, पोटसुटं धूड,
त्याच्यामागं माझं अर्धं तोंड जातं
आणि समोरचं माणूस उगाच दात दाखवतं.

पहिला : रुपेरी माथा, चामड्यासारखं काहीतरी अंगावर.
गतीची चकती कटकट फिरते, छान फिरते.
खिडकी डाव्या कोपऱ्यात, जुन्यासारखी,
पण डोळा लावला तर आत टीव्ही.
इवलासा टीव्ही, त्यात मल्लेशी
किंचित उशिरा हसतो.
खटक्याचा आवाज भरलेला आहे.
तीन प्रकार आहेत, आवडेल तो लावा.

दुसऱ्याची किंमत मल्लेशीनं तोंडानं सांगितली नाही,
कॅल्क्युलेटर माझ्याकडं वळवला.
त्याच्या खिडकीला खरी काच. मधोमध पिवळट चौकोन,
चौकोनात दोन मल्लेशी,
दोन नाकं, चार भुवया.
मी कडी फिरवत गेले, आणि एक मल्लेशी
सरकत सरकत दुसऱ्यात शिरला.
हां.

इनास मास्तर कॅम्पातल्या गच्चीवर म्हणायचे,
"भांडू दे त्यांना. मग होतात एक. तू घाई कशाला करतीस?"
त्यांचा तो रशियन, खलबत्त्यासारखा,
झाकण उघडायला चार आण्याचं नाणं लागायचं.
"पांढरी चौकट दिसूलीय? तिच्याबाहेर काय आहे?"
सायकल. सायकलवर पाव. पावामागं कुत्रं.
"ते फोटोत नाही अजून. पण येऊलंय."

येऊलंय. पुण्याच्या भाचीला या शब्दाचं हसू येतं.
मला अजून दुसरा सापडलेला नाही
जो रेघेच्या इतक्या जवळ उभा राहील.

रेघेपलीकडचं दिसत राहणं आम्हाला नवं नाही.
कोगनोळी ओलांडली की फोन थरथरतो, स्वागत करतो.
परत येताना पुन्हा करतो.
थर्मासातला चहा तोच, थोडा निवलेला.

"वजन किती रे?"
खोक्यावर होतं, पण बॅटरी सोडून.
शेजारी कोनेरीकाकांचं कुंद्याचं दुकान.
मालक जेवायला गेलेला बघून
मल्लेशी एक घेऊन निघाला, मी एक.
काकांनी काट्यावर कागद टाकला.
तीनशे नव्वद.
सातशे वीस.
"सातशे वीसचा कुंदा आठ माणसं खातील," काका म्हणाले.
"ह्यावर किती जेवतील?"

हिशेब मी येताना रिक्षात केला होता.
तीन. तेही लग्नाचा हंगाम धरून.

मग का कोण जाणे, पिशवीतून मास्तरांचाही काढला.
पडदा फाटलेला, खटका अडकलेला,
त्यांच्या पुतण्यानं घर विकताना दिलेला.
पाचशे ऐंशी.
काकांनी नवे दोन्ही बाजूला सारले,
हा उचलून डोळ्याला लावला,
गिऱ्हाईक ताटकळलं तरी खडेबाजार बघत राहिले.
"बंद आहे म्हणतीस?
मला तर सगळं दिसूलंय."

मल्लेशीला म्हटलं, विचार करून सांगते.
त्यानं मान हलवली. सगळेच तसं सांगतात.
पाव किलो कुंदा घेतला, रिकाम्या हातानं कसं निघायचं.

स्टुडिओत आले, दिवे लावले.
मास्तरांच्या कॅमेऱ्यावर तुपाचा अंगठा उमटलेला, काकांचा.
पुसायला फडकं घेतलं,
त्याआधी सहज डोळा लावला :
रिकामं स्टूल, निळा पडदा,
आणि चौकटीच्या बाहेर, उंबऱ्याशी,
कुणीतरी पोरगा, केस ओले करून विंचरलेला,
वाकून चप्पल काढूलाय.